याले लोकल म्हणतात

२४ जुलै, गुरुवार. हरेली.

हत्यारं सकाळीच धुतली, तेलाचा हात फिरवला, पाटावर मांडली. सुनंदानं चिल्याचा नैवेद्य ठेवला, उदबत्ती लावली. आज त्यांना हात लावायचा नाही. हातोडा उचलता येत नाही म्हणून पेन उचलला. नाही तर काहीतरी फोडलं असतं.

या दोन हातांनी केलेलं, आठवेल तसं. धान्य साफ करायच्या मशिनी, रायपूरच्या अवतीभवती, अभनपुरापासून तिल्द्यापर्यंत, कुठे कुठे चालू आहेत कधी मोजल्या नाहीत. मुर्रा, म्हणजे मुरमुरे, भाजायचा फिरता ड्रम. घराचा लोखंडी जिना, ज्याची एक पायरी आजवर वाजली नाही. सु.च्या पायमशीनला मोटर. शेडचं छप्पर, शेडचा दरवाजा, दरवाज्याची कडीसुद्धा. पूर्वाचा पाळणा, बेअरिंगवरचा. एक झोका दिला की सु.ची पोळी भाजून होईपर्यंत हलत राहायचा. कोणी शिकवलं नाही. आयटीआय बाहेरूनच पाहिली, तिचं फाटक वेल्ड करायला गेलो होतो तेव्हा.

हे काहून लिहून राहिलो? तर त्या पाळण्यातली पोट्टी आज दुपारी माझ्याच खुर्चीत बसून, चिला खात खात, ती नोकरीला आहे त्या शोरूमच्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होती, "नहीं भैया, वो मत लीजिए. वो तो लोकल है. बीरगांव में बनता है."

बीरगांवात ती मशीन कोण बनवते? एकच माणूस. समोर बसला होता.

२५ जुलै

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी पूर्वा शंकर नगरच्या शोरूमला निघाली तेव्हा दारात अडवली.

"लोकल म्हणजे काय वं?"

"पापा, फिर से?"

"सांग न. तू शिकली आहेस. मी नाही."

"मार्केट का वर्ड है. जिस पे कंपनी का नाम नहीं, वो लोकल. गाली नहीं है ये."

म्हणे शिवी नाही. मग मी त्यांच्या शोरूममधल्या साहेबाला म्हणतो, तुमचा पोरगा लोकल आहे. पाहू चहा पाजते का.

डिक्शनरी काढली. तिच्याच शाळेची, जिल्द माझी. त्यात साधंच दिलं आहे: त्या जागेचा, तिथला. बस. हलका, कच्चा, फसवा, चार दिवसांत मोडणारा, असं काही नाही. हे सगळं या बाजारानं मागून भरलं. इंग्रजांनी नाही भरलं. आपणच भरलं.

आणि नाव नाही म्हणजे काय? नाव मीच टाकत नाही. आजवर टाकलं नाही. चालू केली की कळतं कोणाची आहे. आईबाप लेकराच्या कपाळावर आपलं नाव गोंदतात काय?

सु. पोळ्या लाटत होती. म्हणाली, "गोंदत नाहीत, पण बारसं तर करतात न. तुमच्या मशिनीचं बारसं काहून नाही केलं?"

डिक्शनरी मिटली. तिला उत्तर दिलं की ती पुढचा प्रश्न काढते.

२८ जुलै, सोमवार

भाजी बाजार. टमाटर दोन ढिगात. एक गुळगुळीत, एकसारखे, कारखान्यातून निघाल्यासारखे. दुसरे वाकडे, चिरलेले, डेखाशी हिरवे. वाकडे महाग.

"काहून महाग?"

"लोकल हे भैया, बारी के." बारी म्हणजे घराजवळची वाडी.

घ्या! टमाटर लोकल असला तर भाव चढतो. मशीन लोकल असली तर भाव पडतो. मी तिथंच बाईवर ओरडलो. ती घाबरली बिचारी, दोन टमाटर वर टाकले. सु.नं हाताला धरून बाजूला नेलं. "तिनं काय केलं तुमचं?"

काहीच नाही केलं. तिची माफी मागायला पाहिजे होती. मागितली नाही. टमाटर मात्र चांगले निघाले, त्याचा राग वेगळा.

२ ऑगस्ट

सु.ची दाढ काढली. डॉक्टर म्हणाला, "डरिए मत, लोकल देंगे." म्हणजे बाकी माणूस जागा, फक्त दुखते तेवढी जागा बधिर.

रिक्षात गाल धरून, अर्ध्या तोंडानं: "तुमच्या डोक्यालेही एक देऊन द्या म्हनलं असतं त्याले."

हसू आलं. पहिल्यांदा, इतक्या दिवसांत. घरी येईपर्यंत पुन्हा गेलं.

विचार करत होतो. या शहरात माझ्या आज्यापासून आम्ही आहोत. तरी कोणी नवीन भेटलं की विचारतं, "मूल कहाँ के हो?" नागपूरला लग्नात गेलो की साळे ओळख करून देतात, "हे आमचे छत्तीसगडवाले." मी कुठलाच लोकल नाही. आणि माझी मशीन सगळीकडे लोकल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अभनपूर. 

साहूजीचा फोन आला होता. जुनं गिऱ्हाईक, डाळ-चण्याचं दुकान. माझी मशीन वापरायचा. आता नवी घेतली म्हणाला, शंकर नगरच्या शोरूममधून, कंपनीची. जुनी तिथंच एक्स्चेंजमध्ये दिली. नवी मात्र दाणे पुढे ढकलत नाही, एका जागी ढीग करते. मेकॅनिक आठ दिवसांनी येणार. "आप तो अपने आदमी हो, ज़रा देख लो."

अपना आदमी. म्हणजे फुकट.

गेलो. निळी चकचकीत मशीन. पुढे हे एवढं मोठं स्टिकर, शोरूमचं नाव इंग्रजीत, खाली बारीक अक्षरात काहीतरी टेक्नॉलॉजी. चांगली दिसत होती, खोटं काहून बोलू. मागं गेलो, वाकलो, चाळणीच्या खाली हात घातला.

पाचर. साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाची.

चाळणीला उतार द्यायला सगळे बोल्ट लावतात, स्प्रिंग लावतात. मी लाकडाची पाचर लावतो. साजा धक्का खातो, आवाज गिळतो, झिजली की गिऱ्हाईक घरीच दुसरी छिलून घेऊ शकतो. पाचरेची कड मी डाव्या हाताने तासतो, म्हणून ती एका बाजूला थोडी पोटात जाते. बोटाला कळली. अंधारातही कळली असती.

माझी मशीन. साहूजीची जुनी नाही, दुसऱ्याच कोणाची, तीही एक्स्चेंजमध्ये आलेली असणार. रंग दिला, स्टिकर लावलं, याला विकली. या माणसानं माझी मशीन दिली, वर पैसे दिले, आणि माझीच मशीन घरी आणली.

रंगवायला खोलली तेव्हा कोण्या गाढवानं पाचर उलटी बसवली. जाड बाजू मागं पाहिजे, पुढं लावली. उतारच मेला. दाणा जाईल कुठं?

मी म्हटलं, "साहूजी, ये मशीन मेरी है."

"काय गोठियाथस भैया! कंपनी की है." मग हसत, पोटावर हात फिरवत, "आपका नाम कहाँ लिखा है?"

नाव कुठं लिहिलं आहे.

तसाच उठून यायला पाहिजे होतं. आलो नाही. लंगडी मशीन मागं सोडून येता येत नाही मला, हा रोग आहे. पाचर काढली, फिरवली, ठोकली. चालू केली. दाणे पाण्यासारखे पळाले.

साहूजी खुश. गल्ल्यावरच्या भावाला ओरडून म्हणाला, "देखा? कंपनी की चीज़ है. हाथ लगाते ही ठीक हो गई!"

९ ऑगस्ट

शेडमध्ये दौलतला सांगितलं. दौलत माझ्यापेक्षा मोठा, शेड उभं राहिलं तेव्हापासून वेल्डिंग करतो. सगळं ऐकलं, बिडी विझवली.

"त पाचर ला उल्टा छोड़ देते न भैया."

"तू सोडली असती?"

विझलेली बिडी कानामागं खोचली. मग, "नइ."

हव. तेच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

  आज जेवताना पूर्वाला विचारलं. आवाज न चढवता विचारणार होतो, चढला.

"तुमच्या शोरूममधून निळा रंग लावून माझ्या मशिनी विकून राहिले. तुले माहीत आहे?"

तिनं घास खाली ठेवला. मला वाटलं, म्हणेल नाही. म्हणेल, पापा, पेंट के बाद सब एक जैसी दिखती हैं. त्याची तयारी केली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

मराठीत बोलली. म्हणजे खरं बोलली.

"कधीपासून?"

"पहिल्या मशिनीपासून. गोडाऊनमध्ये खाली हात घालून पाहिला. पाचर लागली."

सु.चा हात वाढता वाढता तिथंच थांबला. मी म्हटलं, "आणि सांगितलं नाही? बाप मेला होता का?"

मग ती हिंदीत गेली, भराभर. "क्योंकि पापा, पहली बार किसी ने उस मशीन का पूरा दाम दिया. बिना मोल-भाव के. मैंने खुद बेची. कस्टमर को हर पार्ट समझाया, जैसे आप समझाते हो. वो सुन रहा था! आपको कभी किसी ने ऐसे सुना है? मुझे अच्छा लगा. बस."

"आणि फोनवर लोकल म्हणालीस ते?"

"वो भी आपकी ही मशीन थी. मेरा काम है पापा. जो शोरूम में खड़ी है वो कंपनी, जो शेड में खड़ी है वो लोकल. मशीन वही है. मुझे क्या पता नहीं है?"

ताट सारून उठलो. तिला माहीत आहे, हे जास्त लागलं. माहीत नसतं तर रागावणं सोपं होतं.

तिनं खाली हात घालून पाहिला होता. हे मात्र परत परत आठवून राहिलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

शोरूमला गेलो. पूर्वाला सांगून नाही. धुतलेला शर्ट घातला, याचाही राग आला मला माझा.

एसी इतका की घाम आतल्या आत थिजला. काचेच्या दाराजवळ मोठं पोस्टर, कुंभाराच्या पणत्यांचं, वर लिहिलेलं: लोकल अपनाइए. पणती लोकल चालते. फोटोत छान येते म्हणून.

शेठ सभ्य माणूस आहे. हे त्याचं सगळ्यात वाईट. ओरडला असता तर मी ओरडलो असतो. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"दादा, आपका काम ए-वन है. लेकिन मार्केट में लोकल नहीं चलता. ब्रँड चलता है."

"चलती तो मशीन है, सेठ."

हसला. "सही बात. पर बताइए, कोई नंबर? कोई प्लेट? कोई कागज़? हम पुराना माल लेते हैं, ठीक करते हैं, बेचते हैं. किसका बनाया है, माल पर लिखा हो तो हम भी जानें."

"ठीक करते हैं? पाचर उलटी लगाते हैं तुम्हारे लोग!"

"अच्छा? तो आप सिखा दीजिए उन्हें."

पूर्वा काचेपलीकडे कंप्यूटरसमोर. मान वर केली नाही. कान लाल झालेले दिसले. लहानपणी मार खायच्या आधी व्हायचे तसे. मी तिला कधी मारलं नाही, सु.च मारायची.

पाणी न पिता आलो. तहान लागली होती.

२३ ऑगस्ट. पोळा.

शोरूम बंद. पूर्वा घरी, म्हणाली "लोकल छुट्टी है." मग तिच्या तोंडूनच तो शब्द गेला म्हणून जीभ चावली. सु. हसली. मी पेपर वर केला.

दुपारी सु. ठेठरी तळत होती, पूर्वा तिच्याजवळ बसून हळूहळू बोलत होती. मला ऐकू यावं असंच हळू. शेठ म्हणत होता, तुम्हारे पापा अगर हमारे साथ आ जाएँ. आणि नाही आले तर? तर काही नाही. पण मी शोरूमला जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची काउंटरवरून गोडाऊनच्या रजिस्टरवर गेली आहे. पाच दिवस झाले, घरी बोलली नाही.

बापाच्या तोंडाची शिक्षा लेकीला. सभ्य माणूस.

सु. नंतर मला म्हणाली, "तिची नोकरी आहे ती. तुमचा राग नाही आहे, का वाटेल तिथं नेऊन ठेवला."

१ सप्टेंबर

गोल बाजारात गेलो. पितळी पाट्या कोरणारा एक म्हातारा बसतो. डॉक्टर-वकिलांच्या करतो.

"क्या लिखना है?"

 आयुष्यभर नाही टाकलं ते आता काय टाकू? माझं नाव? आडनाव पाहून लोक आधी मूळ गाव विचारतात. शेडचं नाव? शेडला नाव नाही. दौलतचा अर्धा हात आहे प्रत्येक वेल्डमध्ये, त्याचं नाव नको?

"कंपनी का नाम बोलिए न," म्हातारा म्हणाला, छिन्नी तयार धरून. "नहीं है तो शहर का लिख दूँ? रायपुर?"

मागं लोक उभे. म्हटलं, कोरी द्या. त्यानं कोरीच दिली, चार भोकं पाडून, स्क्रू लावायला. वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

छान पाटी आहे. भोकं एका ओळीत आहेत, तपासली. घरी टेबलावर ठेवली. पूर्वानं येता-जाता उलटी-पालटी करून पाहिली. विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१० सप्टेंबर

आज शेडमध्ये नवी मशीन उभी केली. नवापाऱ्याच्या माणसाची. तो घ्यायला आला, मालकापेक्षा त्याचा मेव्हणा जास्त बोलणारा. हात न लावताच म्हणाला, "लोकल है तो थोड़ा कम करो."

"करतो न," मी म्हटलं. "आधी हे आण इकडं." त्याच्या मनगटावरचं घड्याळ दाखवून. "हेही लोकलच आहे. काटा एक मिनिट थांबून मग उडी मारतो."

दौलत खोकायला लागला, हसू दाबत. मेव्हणा चिडला, गिऱ्हाईक जवळजवळ गेलं. मग दौलतनं मशीन चालू केली, त्या माणसानं मूठभर धान टाकलं, कान लावून उभा राहिला. ज्याला ऐकता येतं तो कान लावतो. मशीन घेऊन गेला.

पण कमी केलेच मी. भाव. दौलतसमोर. लोकल म्हटलं की हात आपोआपच खाली येतो, इतकी सवय झाली. त्या मेव्हण्यापेक्षा मला स्वतःचा जास्त राग.

१७ सप्टेंबर, बुधवार. विश्वकर्मा पूजा.

उरल्याच्या कारखान्यांत सगळीकडे मांडव, लाउडस्पीकर. आमच्या शेडमध्ये लहानशी मूर्ती, दौलतनं फुगे लावले, काय हौस. प्रसाद वाटताना शेठची गाडी येऊन उभी. मिठाईचा डबा घेऊन स्वतः. सोबत पूर्वा, फाइल धरून. आज पुन्हा काउंटरचे कपडे घातलेले, कडक इस्त्रीचे.

मूर्तीच्या पाया पडला. शेडभर फिरला. खरं सांगायचं तर नीट पाहिलं त्यानं. लेथपाशी थांबला, चाळण्या बोटानं वाजवल्या. एक मशीन उघडी होती. वाकला, खाली हात घातला.

"यही है वो पाचर?"

"यही है."

"इस पर क्या लिखेंगे, दादा? लकड़ी पर तो स्टिकर भी नहीं टिकता." टोमणा होता की कौतुक, अजून कळलं नाही.

मग बसून बोलला. दौलत, सु., पूर्वा, सगळ्यांसमोर. मी हात बांधून ऐकलं. ऐकून झाल्यावर नाही म्हटलं. एकदाच म्हटलं, हळू. मलाच वाटलं होतं ओरडेन.

शेठ रागावला नाही. "सोचिए. दशहरे तक कोई जल्दी नहीं." पूर्वाकडे पाहून म्हणाला, "समझाओ पापा को." आणि गाडीत जाऊन बसला.

पूर्वा मूर्तीजवळ उभी. मी वाट पाहत होतो, बोलेल, रडेल, काही म्हणेल.

"मैं क्या करूँ पापा? कल काउंटर पर जाऊँ के गोडाऊन में?"

"ते तू ठरव."

"हमेशा ऐसे ही बोलते हो. आप ठरवता, मग म्हणता तू ठरव." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, म्हणजे अर्धी खरी चिडलेली.  दौलत प्रसादाचं केळं सोलत बसला, सोलून झालं तरी सोलत होता.

तिनं फाइल माझ्या स्टुलावर ठेवली आणि गाडीकडे गेली. दारातून परत आली. मला वाटलं फाइल घ्यायला.

घरी आल्यावर पाहिलं, टेबलावर पितळी पाटी नाही. सु. म्हणाली, "सकाळीच पर्समध्ये टाकून घेऊन गेली. मी विचारलं, कोठं नेऊन राहिली? काही नाही म्हणे." म्हणजे ती शेडमध्ये परत आली तेव्हा पाटी तिच्याजवळच होती. आली, मशीनपाशी थांबली, चाळणीवर हात ठेवला, आणि गेली. कोरीच आहे अजून, का काही कोरून घेतलं, माहीत नाही. कोणाचं नाव, तेही नाही. ती अजून घरी आली नाही, फोन करावा वाटला. केला नाही. तिनंही केला नाही.

लिहून ठेवतो, नंतर कोणी म्हणू नये की याला कळलंच नव्हतं काय नाकारतो आहे. ऑफर अशी: पाच वर्षं मी बनवीन ती प्रत्येक मशीन त्यांची, पाटी त्यांची, माझं किंवा शेडचं नाव कुठंही नाही, दुसऱ्या कोणाला एकही विकायची नाही. दौलतला पगार वेगळा. पूर्वा काउंटरची इन्चार्ज. रक्कम अठरा लाख.